अहवालाच्या मागची पाने

१८३४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यात, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या इमारतीत, जुन्या लाकडी काठ्यांचा ढीग जाळायला काढला गेला. सरकारी खजिन्याचा हिशेब पूर्वी या काठ्यांवर खाचा पाडून ठेवत असत. ती पद्धत बंद पडली होती आणि काठ्या नुसती जागा अडवून बसल्या होत्या. १६ तारखेला लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या दिवसभर जाळल्या, धुराडी तापली आणि संध्याकाळी इमारतीने पेट घेतला. लॉर्ड्सची जुनी दप्तरे ज्वेल टॉवरमध्ये वेगळी ठेवलेली होती, म्हणून वाचली. कॉमन्स या दुसऱ्या सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदवह्या तेवढ्या हाती लागल्या. बाकीची हस्तलिखिते बहुतेक सगळी राख झाली.

त्या आधीच्या काळात कॉमन्ससमोर कोण काय बोलले, कोणी काय मागितले, हे शोधायचे तर आज छापील प्रतींवरच भिस्त ठेवावी लागते. सुदैवाने छपाई भरपूर झाली होती. ल्यूक हॅन्सर्ड या मुद्रकाच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या संसदेचे कागद छापले, आणि १९व्या शतकात तर त्यांचा पूरच आला. निळ्या कागदी वेष्टनामुळे लोक त्यांना ‘ब्लू बुक’ म्हणू लागले. ब्रिटनमधला कारखाना, तुरुंग, खाण, शाळा आणि गटार, तसेच हिंदुस्थानातला सारा, दुष्काळ, प्लेग आणि कर्ज या सगळ्यांची चौकशी या पुस्तकांत आहे.

कागद कोणते

सभागृहातली भाषणे हा वेगळा ऐवज आहे. तो ‘हॅन्सर्ड’ या नावाने ओळखला जातो, आणि १९०९ मध्ये संसदेने अहवालाचे काम स्वतःकडे घेईपर्यंत त्यात भाषणे शब्दशः मिळतीलच अशी खात्री नव्हती. संसदीय कागद म्हणजे सभागृहापुढे ठेवलेले किंवा त्याच्या हुकुमाने छापलेले दस्तऐवज. त्यांचे ढोबळ चार गट पडतात: विधेयके, संसदेच्या समित्यांचे अहवाल, सरकारने नेमलेल्या आयोगांचे अहवाल, आणि हिशेब, तक्ते व पत्रव्यवहार.

पहिल्या दोन गटांत कायदेमंडळाचे काम दिसते, पुढच्या दोन गटांत सरकारचे. समाजाचा इतिहास शोधणाऱ्याला सर्वांत जास्त माल मिळतो तो समित्या आणि आयोगांच्या कागदांत. अशा अहवालाचे साधारण तीन भाग असतात. पुढे अहवाल, म्हणजे निष्कर्ष आणि शिफारशी. मग साक्षीपुराव्याची पाने. शेवटी परिशिष्टे: तक्ते, अर्ज, पत्रे, करारांच्या नकला. वाचणारा बहुधा पहिल्या भागावर थांबतो, कारण तो नीट लिहिलेला असतो आणि त्यात उत्तर तयार मिळते. इतिहासाचे खरे धन मात्र मागच्या दोन भागांत असते. या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच, आणि ते काही खऱ्या कागदांवरून सांगायचे आहे.

१८३५ मध्ये कॉमन्सने आपले कागद लोकांना विकत द्यायचे ठरवले. त्यातून लगेच एक खटला उभा राहिला. न्यूगेट तुरुंगाच्या तपासनिसांनी आपल्या अहवालात तिथे सापडलेल्या एका पुस्तकाला अश्लील म्हटले होते. त्याचा प्रकाशक स्टॉकडेल याने अब्रुनुकसानीसाठी हॅन्सर्डवर दावा लावला. सभागृहाच्या हुकुमावरून छापले, ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने १८३९ मध्ये ठरवले. संसद आणि न्यायालय यांच्यात जोराचा संघर्ष झाला आणि १८४० च्या कायद्याने संसदीय कागदांच्या छपाईला संरक्षण मिळाले. व्यक्तींची आणि ठिकाणांची नावे घेऊन लिहिलेली इतकी स्पष्ट माहिती या कागदांत निर्धास्तपणे छापता आली, त्यामागे हा कायदा आहे.

वाचणारे मात्र थोडेच होते. कार्ल मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, मार्क्स हे अहवाल लॉन्ग एकर भागातल्या जुन्या कागदांच्या दुकानातून विकत घेत. ज्या सभासदांना ते फुकट मिळत, त्यांतले काही जण ते वजनावर विकून टाकत, तर काही जण पिस्तुलाच्या नेमबाजीसाठी वापरत. ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडातली कामाच्या तासांवरची पाने याच रद्दीत निघालेल्या कारखाना-तपासनिसांच्या अहवालांवर उभी आहेत.

प्रश्न कोणी विचारला

कागद हाती घेतल्यावर पहिली चौकशी करायची ती चौकशी करणाऱ्यांचीच. समिती कोणी नेमली, तिला काय शोधायला सांगितले होते, आणि साक्षीदार कोणी निवडले?

कापडगिरण्यांतल्या मुलांच्या कामावर १८३२ मध्ये मायकेल सॅडलर या खासदाराच्या समितीने साक्षी घेतल्या. सॅडलर स्वतः कामाचे तास कमी करण्याच्या बाजूचे होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत उभे राहणारी, झोप आली की मार खाणारी, पाय वाकडे झालेली मुले त्या साक्षींत भेटतात. गिरणीमालकांनी तक्रार केली की समितीने एकच बाजू ऐकली आणि साक्षी शपथेवर घेतल्या नाहीत. म्हणून १८३३ मध्ये सरकारने वेगळा आयोग नेमला. आता उलट कामगारांच्या संघटनांना संशय आला की हा आयोग मालकांची बाजू सावरायला आला आहे, आणि आयुक्त गावोगाव गेले तिथे त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली.

दोन्ही चौकशा शेजारी ठेवल्या तर प्रत्येकीचा कल उघड दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मालकांच्या बाजूच्या समजल्या गेलेल्या आयोगालाही मुलांचे हाल नाकारता आले नाहीत. त्याच वर्षीच्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायला बंदी झाली, त्यापुढच्या मुलांचे तास मर्यादित झाले आणि चार सरकारी तपासनीस नेमले गेले. विरुद्ध कलाच्या दोन कागदांत जी गोष्ट सारखी निघते, तिच्यावर इतिहासकार सर्वांत आधी पाय रोवतो.

साक्ष कशी नोंदली, हेही पाहावे लागते. संसदेच्या समित्या प्रश्न आणि उत्तरे क्रमांक देऊन छापत. त्यामुळे साक्षीदाराच्या तोंडी उत्तर कसे घातले गेले, तो कुठे अडला, कुठे त्याने प्रश्नच फिरवला, हे दिसते. खाणींतल्या मुलांवरचा १८४२ चा अहवाल वेगळ्या रीतीचा आहे. तिथे उपआयुक्त खाणीखाणीत उतरून मुलांशी बोलले आणि त्यांचे म्हणणे सलग निवेदनासारखे लिहून घेतले. सेरा गूडर ही ८ वर्षांची मुलगी गॉबर खाणीत हवा खेळती ठेवण्याच्या दाराची उघडझाप करायची. ती सांगते की दिव्याशिवाय बसावे लागते, भीती वाटते. पहाटे चारला, कधी साडेतीनलाच ती खाली जाते. उजेड असला तर कधी गाणे म्हणते, अंधारात म्हणत नाही. हे वाचून कोणाचेही मन हलेल. तरीही वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे की तिला काय विचारले होते ते कागदावर नाही. गाण्याची गोष्ट तिने आपणहून सांगितली की कोणी विचारली, हे कळायला मार्ग नाही.

त्या अहवालात खाणीतल्या कामाची चित्रेही छापली होती, आणि ती पाहून लोक हादरले. त्याच वर्षी बायका, मुली आणि १० वर्षांखालील मुलगे यांना खाणीत खाली काम करायला बंदी करणारा कायदा झाला. हे निवेदन कोणी आणि कोणत्या हेतूने टिपले हे तपासल्याने सेराची साक्ष कमी खरी ठरत नाही. ती कुठवर आधाराला घ्यायची तेवढे ठरते.

निष्कर्ष आणि पुरावा यांची फारकत

इंग्लंडमध्ये गरिबांना पॅरिशकडून, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे चालणाऱ्या स्थानिक कारभाराकडून, मदत देण्याची जुनी पद्धत होती. १८३२ मध्ये तिची चौकशी करायला आयोग बसला. नॅसॉ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी लिहिलेल्या १८३४ च्या अहवालाने सांगितले की मजुरीला पूरक अशी ही मदत माणसाला आळशी करते, मजुरी पाडते आणि लोकसंख्या वाढवते. त्यावर नवा कायदा झाला आणि मदत हवी असेल तर कष्टगृहात राहायला या, असे धोरण आले. शंभरावर वर्षे बहुतेक अभ्यासकांनी अहवालाचे हे वर्णन जसेच्या तसे स्वीकारले.

या आयोगाने खेड्यांना आणि शहरांना प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. हजाराहून अधिक पॅरिशांची उत्तरे परिशिष्टांच्या जाडजूड खंडांत छापली गेली, पण आयोगाने त्यांची नीट गोळाबेरीज केलीच नाही. अहवालात निवडक किस्से तेवढे घेतले. १९६० च्या दशकात मार्क ब्लॉग या अर्थतज्ज्ञाने ती उत्तरे मोजायला घेतली. आयोगाने रंगवलेले चित्र त्याच्याच परिशिष्टांतून उभे राहत नाही, असे त्यांना दिसले. मदत हे गरिबीचे कारण होते की हंगामी बेकारी आणि तुटपुंज्या मजुरीवर केलेला उपाय होता, हा वाद तिथून नव्याने सुरू झाला. त्यासाठी ब्लॉग यांना कुठले गुप्त दप्तर शोधावे लागले नाही. सगळी उत्तरे छापलेली होती आणि ग्रंथालयांच्या फडताळांत सव्वाशे वर्षे पडून होती.

सुपे, १८७५

आता आपल्याकडचा कागद घेऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून चोपड्या आणि कर्जरोखे मागितले, आणि हाती आले ते जाळले. दोन महिन्यांत हे लोण अहमदनगर जिल्ह्यात आणि तिसाहून अधिक गावांत पोहोचले. बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती: कागद द्या.

मुंबई सरकार चौकशीला फारसे उत्सुक नव्हते, पण हिंदुस्थान सरकारने रेटा लावला आणि आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. सरकारला मुख्यतः एका गोष्टीचे उत्तर हवे होते: सरकारी साऱ्याचा बोजा या उठावाला कारण झाला का? आयोगाने सांगितले, नाही, दोष सावकारांचा. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, तोही सावकार आणि न्यायालय यांच्यावर बंधने घालणारा होता. साऱ्याला त्याने हात लावला नाही.

निष्कर्षाचे पान उलटून मागे गेले की चित्र बदलते. आयोगाने रयतेच्या, सावकारांच्या आणि पाहणाऱ्यांच्या जबान्या घेतल्या. साऱ्याचे दर, बाजारभाव आणि व्याज यांचे तक्ते केले. कलेक्टरांचे अहवाल जोडले. हे सगळे एकत्र वाचले की घटनांची साखळी लागते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तशी तिकडच्या कापसाची आवक तुटली आणि १८६१ नंतर दख्खनच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारांनी सैल हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परतला, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांच्या पहिल्या बंदोबस्ताची मुदत संपून सारा वाढवला गेला होता. काही ठिकाणी ही वाढ निम्म्याहून अधिक होती. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी या वाढीव दरांवर स्वतंत्र टिपण लिहिले आणि त्यात बंदोबस्तावर टीका केली. मुख्य निष्कर्षापेक्षा वेगळे बोलणारा हा कागद आयोगाच्याच दप्तरात आहे.

परिशिष्टांतले रोखे तर गावचे अर्थशास्त्रच उलगडून दाखवतात. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालणार होता. व्याज साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता. व्यवहारात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेत आणि थकलेले व्याज मुद्दलात धरत. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, ही दामदुपटीची जुनी रीत अशाने मोडीत निघाली. १०० रुपयांच्या कर्जावर २००० हून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण आयोगाने नोंदले आहे. एका रोख्यात शेतकरी आपल्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला देतो आणि त्याच गाड्या, तेच बैल दरमहा भाड्याने परत घेतो. सुप्याच्या जमावाने जाळायचे ठरवले ते कागद नेमके कसे होते, हे आपल्याला आयोगाने छापलेल्या अशा नकलांमुळे कळते.

इतिहासकारांचे यावर एकमत नाही. रवींदर कुमार यांनी या उठावात सबंध ग्रामीण समाजाच्या बदलाची खूण पाहिली, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये असा मुद्दा मांडला की दंगलींचा आवाका नंतरच्यांनी फुगवला. दोघांचेही मोठे साधन हा अहवाल आणि त्याचे कागद आहेत. पुरावा सरकारने गोळा केला असला, तरी त्यावरून काय म्हणायचे याचा हक्क सरकारकडे राहत नाही.

शोध कसा घ्यायचा

संसदीय कागदाचा पत्ता साधारण असा लिहिलेला असतो: १८४२ (३८०) १५. पहिला आकडा अधिवेशनाच्या वर्षाचा, कंसातला कागदाच्या क्रमांकाचा, शेवटचा जिल्दीचा, जो बहुधा रोमन अंकांत असतो. खाणीतल्या मुलांवरचा अहवाल याच पत्त्यावर आहे. सरकारने सादर केलेल्या कागदांना वेगळे क्रमांक मिळत आणि त्यांच्या आधीच्या अक्षरांवरून काळ ओळखता येतो: १८७० ते १८९९ ‘सी’, १९०० ते १९१८ ‘सीडी’, १९१९ ते १९५६ ‘सीएमडी’. सायमन कमिशनचा अहवाल आणि गोलमेज परिषदांचे कागद या शेवटच्या मालिकेत सापडतात.

पी. आणि ग्रेस फोर्ड या दांपत्याने केलेल्या निवडक याद्या विषय शोधायला आजही उपयोगी आहेत. आयरिश युनिव्हर्सिटी प्रेसने १९६८ नंतर १९व्या शतकातले कागद विषयवार हजार खंडांत पुन्हा छापले. आता बहुतेक सगळी मालिका डिजिटल रूपात आहे; ती मोठ्या ग्रंथालयांच्या वर्गणीतून पाहता येते, आणि बरेच सुटे अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहेत. पुण्यात गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय जुन्या सरकारी अहवालांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्यातला मोठा साठा त्यांनी संगणकावर खुला केला आहे. शोध घेताना गावांची त्या काळची रोमन स्पेलिंगे तीन-चार प्रकारे टाकून पाहावीत.

एक फरक ध्यानात ठेवावा. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी शिक्षणावरच्या हंटर आयोगाला दिलेले निवेदन आणि पुण्यात पंडिता रमाबाईंनी दिलेली साक्ष सर्वांना माहीत आहे. तो आयोग हिंदुस्थान सरकारचा होता आणि त्याच्या साक्षी इथे, प्रांतवार खंडांत छापल्या गेल्या. सरकारी चौकशी झाली म्हणजे तिचा प्रत्येक कागद लंडनच्या मालिकेत असेल असे नाही. लंडनला काय गेले आणि मुंबई-कलकत्त्यात काय राहिले, हे पडताळण्यासाठी मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारातली मूळ दप्तरे बघावी लागतात.

जे छापले नाही

छापील कागदाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे गाळलेला मजकूर. अफगाणिस्तानावर स्वारी का केली, हे पटवण्यासाठी १८३९ मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेपुढे पत्रव्यवहार ठेवला. काबूलला गेलेले ब्रिटिश दूत अलेक्झांडर बर्न्स तिथला अमीर दोस्त महंमद याच्याशी मैत्री करावी असे लिहीत होते. छापलेल्या पत्रांत ते भाग कापले होते. १८५१ मध्ये जॉन विल्यम के यांनी अफगाण युद्धाच्या इतिहासात हा प्रकार उघड केला, आणि १८५९ मध्ये सरकारला पत्रे पूर्ण छापावी लागली. कागदाच्या शीर्षकात ‘उतारे’ असे दिसले की मूळ पत्र गाठायचेच, हा धडा तिथून घ्यावा.

दादाभाई नौरोजींना हा अनुभव स्वतः आला. हिंदुस्थानच्या अर्थव्यवहारावरच्या संसदीय समितीला १८७३ मध्ये त्यांनी देशाच्या दारिद्र्याविषयी टिपणे दिली. सरकारच्याच आकड्यांवरून त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये असल्याचे दाखवले होते. समितीने ती टिपणे घेतली, पण अहवालाबरोबर छापली नाहीत. अध्यक्ष एर्टन यांच्या मतांशी ती जुळत नव्हती, असे दादाभाईंनी पुढे लिहिले आहे. ती त्यांनी १८७६ मध्ये मुंबईत वाचून दाखवली आणि १९०१ च्या आपल्या ग्रंथात छापली.

दादाभाई तिथे थांबले नाहीत. १८९२ मध्ये ते फिन्सबरीतून कॉमन्सवर निवडून आले. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला तेव्हा ते त्याचे सदस्य होते, आणि त्यांनी त्यापुढे साक्षही दिली. १८९७ मध्ये दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि सुब्रमण्य अय्यर यांच्याबरोबर गोपाळ कृष्ण गोखले साक्षीला लंडनला गेले. गोखले तेव्हा जेमतेम तिशीचे होते. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मदतीने त्यांनी आकडे तयार केले होते. फुगलेला लष्करी खर्च, वरच्या जागांवरून वगळलेले हिंदी लोक, रयतेवरचा बोजा हे सगळे त्यांनी प्रश्नोत्तरांच्या भडिमारात मांडले, आणि ते क्रमांकासह छापले गेले. आयोगाच्या बहुमताने ते मानले नाही. १९०० मध्ये दादाभाई, वेडरबर्न आणि केन या सदस्यांनी भिन्नमत पत्रिका जोडली.

म्हणून मागच्या पानांवर जे आहे ते सगळेच सरकारने आपणहून दिलेले नाही. त्यातला काही भाग लोकांनी हट्टाने, तयारी करून, समुद्र ओलांडून तिथे घातला आहे. त्या आयोगाने गोखल्यांना दिलेले उत्तर आज कोणाच्या लक्षात नाही, पण त्यांची साक्ष अर्थशास्त्राचे विद्यार्थी अजून वाचतात. आपला जिल्हा, आपला धंदा, आपली जात किंवा आपल्या आज्या-पणज्यांचे काम यांपैकी एखादा विषय घेऊन वाचकाने असा एक अहवाल काढावा आणि साक्षींच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी. निष्कर्ष वाचायला नंतर भरपूर वेळ असतो, आणि तोवर वाचकाचा स्वतःचा निष्कर्ष तयार झालेला असतो.